कुमाशिवाय नाही

प्रियेपोल्ये गावच्या सरकारी इस्पितळात दोब्रिला पुरिच तीस वर्षे चादरींना इस्त्री करत आली होती, आणि तिच्या रागाला तिथले डॉक्टरसुद्धा वचकून असत. ती आरडाओरडा करणारी बाई नव्हती. राग आला की गप्प व्हायची, खालचा ओठ आत घ्यायची आणि इस्त्री अशी दाबायची की शेजारच्या बायका आपोआप लांब सरकत. "दोब्रिलाचा ओठ आत गेलाय," हा निरोप मग वरच्या मजल्यापर्यंत जायचा आणि त्या दिवशी चादरीवर डाग राहिल्याची तक्रार घेऊन खाली यायची कुणाची छाती होत नसे.

लग्न तिने केले नव्हते. एक भाऊ होता, तो गेला. घरात ती आणि खिडकीतल्या मिरच्यांच्या कुंड्या. पण म्हणून तिला कुणी नाही असे तिच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. "मला कुणी नाही? डोंगरापलीकडे माझं घर आहे भरलेलं. मी कुमा आहे तिथली."

ते घर सीमेपलीकडे, माँटेनेग्रोत, कोलाशिनला होते. बाप्तिस्म्याच्या वेळी जो मुलाला हातावर घेतो आणि त्याच्या वतीने देवाला उत्तरे देतो तो कूम. बाई असेल तर कुमा. हे नाते माणसाचे माणसाशी नसते, घराचे घराशी असते. कधीकाळी एका कुरणावरून दोन्ही घरांत डोकी फुटली होती. ते वैर मिटावे म्हणून दोब्रिलाच्या आजोबांनी त्या घरातले तान्हे मूल हातावर घेतले. पुढे त्या मुलाच्या मुलाला तिच्या वडिलांनी घेतले. तिसऱ्या पिढीला मिल्यान जन्मला तेव्हा भाऊ लष्करात होता, म्हणून शाळेतून नुकत्याच सुटलेल्या दोब्रिलाला पुढे केले, आणि मिल्यानने तिच्या हातावरच पहिला सूर काढला. तो आता बाप झाला होता. वसंतात त्याला मुलगी झाली, आणि जुलैतल्या रविवारी, सकाळच्या उपासनेनंतर अकरा वाजता तिचा बाप्तिस्मा ठरला.

"कुमा, मी गाडी घेऊन येतो तुला न्यायला," मिल्यान फोनवर म्हणाला होता.

"कुमाला काय बटाट्याच्या पोत्यासारखं उचलून नेतात? कुमा आपल्या पायांनी येते."

"मग बसने ये."

"त्या वळणांवर मी पहिल्याच प्रवासात ओकले होते तेव्हापासून बसचं तोंड बघत नाही. आगगाडीने येते. पहाटे बसले की न्याहारीला तुझ्याकडे."

हिशेब बरोबर होता. बेलग्रेडहून रात्री निघालेली गाडी पहाटे प्रियेपोल्येला येते आणि न्याहारीच्या वेळेला कोलाशिनला पोहोचते. अकरापर्यंत हाताशी इतका वेळ की त्यातही उशीर करायचा तर त्याला वेगळीच अक्कल लागावी.

ती अक्कल होती रेल्वेवाल्यांकडे.

पहाटेची गाडी उजाडल्यावर आली. मग दोन-तीन बोगदे ओलांडून सीमेवरच्या एका चिमुकल्या स्टेशनात शिरली आणि उभी राहिली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली लिम नदी, आणि नदीपलीकडे तो वळणांचा रस्ता. या बाजूच्या पोलिसांनी ओळखपत्रे तपासून 'देश सोडला' अशी नोंद केली आणि ते उतरून गेले. या बाजूचे इंजिन सुटे झाले आणि तेही शीळ घालत निघून गेले. आता पलीकडचे इंजिन यायचे, डब्यांना जोडायचे आणि गाडी ओढून न्यायची. ते इंजिन काही येईना.

दोब्रिलाच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत वर कुमाने न्यायची पांढरी क्रेपची चौघडी, जिची काठपट्टी तिने स्वतःच्या हाताने घातली होती. तिच्याखाली मेणबत्ती, सोन्याचा इवलासा क्रूस, ज्लातार डोंगरावरच्या चीजचा डबा. आणि कुमाचा मोठा गोल पाव, वर कणकेची वेणी आणि फुले काढलेला, तो मात्र मांडीवर मावत नव्हता म्हणून फडक्यात बांधून वरच्या फळीवर ठेवला होता.

समोरच्या बाकावर ओब्रेन नावाचा एक म्हातारा होता, एकेकाळचा गवंडी. बेलग्रेडला मुलाकडे राहून कंटाळून पोदगोरित्साला आपल्या घरी परत चालला होता. त्याची तक्रार कशाचीच नव्हती आणि त्याचाच तिला पहिला राग आला.

"येईल इंजिन," तो पाय लांब करत म्हणाला. "ते आमच्या बाजूचं आहे ना. आमच्याकडे माणूससुद्धा दुपारपर्यंत आडवा असतो, ते तर लोखंड."

"तुम्हाला हसू येतंय."

"बाई, मी बोगदे बांधले या लायनीवर. तेव्हाही वाटच बघायचो. सिमेंटची, पगाराची, बायकोच्या पत्राची. बसून शिकलो वाट बघायला."

"मी उभं राहून काम करते. मला नाही येत."

एवढ्यात कंडक्टर डोकावला. दोब्रिलाने त्याला दारातच धरले.

"अहो, काय झालंय?"

"आमच्याकडून काही नाही बाई. आमचं इंजिन वेळेवर आणून सोडलं."

"वेळेवर?"

"म्हणजे... उशिरा, पण आणून सोडलं. आता पुढचं त्यांचं. इंजिन त्यांचं, रूळ त्यांचे."

"आणि माणसं?"

"काय?"

"गाडीतली माणसं कुणाची म्हणते मी."

त्याने टोपी नीट केली. "पूर्वी एकच देश होता, तेव्हा एकच इंजिन सरळ समुद्रापर्यंत जायचं," तो म्हणाला आणि जणू तो देश मोडल्याची सहानुभूती तिलाच द्यायची असावी अशा चेहऱ्याने पुढच्या डब्यात गेला.

मिल्यानचा फोन आला. "कुमा, कुठवर आलीस?"

"सीमेवर. इंजिनाची वाट बघतोय. मी पोहोचते, तू पाद्रीबाबांना सांगून ठेव."

"पोहोचशील गं. अजून खूप वेळ आहे."

वेळ होता तेव्हाचे ते बोलणे. मग ऊन कड्यावरून खाली उतरले, डब्याचे छत तापले, संडासातले पाणी संपले. कुणीतरी सांगितले की पलीकडचे इंजिन पहिल्याच बोगद्यात बंद पडलेय आणि त्याला ओढायला दुसरे इंजिन निघालेय. दुसऱ्या कुणी सांगितले की दुसरे निघालेच नाही, कारण चालवणाऱ्याची रविवारची सुट्टी आहे. ओब्रेन हे सगळे मान डोलावत ऐकत होता, गोष्ट ऐकावी तसा.

दोब्रिलाचा ओठ आत गेला होता. तिने पिशवी खांद्याला लावली आणि डब्याच्या पायरीवर आली. खाली रुळांशेजारी जाडसर मिशांचा एक पोलीस सावलीत उभा राहून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता.

"बाई, आत जा."

"मला खाली उतरायचंय. नदीवरून पूल आहे ना पुढे? त्या रस्त्याला लागते आणि कुणाची तरी गाडी थांबवते."

"नाही जाता येणार. तुम्ही देश सोडलाय."

"बरं. मग इकडे परत येऊन दुसऱ्या वाटेने जाते."

"परत कशा येणार? तुम्ही गेलात. नोंद झालीय."

"मग तिकडे जाऊ द्या."

"तिकडे कशा जाणार? तिकडच्यांनी अजून तुम्हाला घेतलेलं नाही."

"अरे मग मी आहे कुठे?"

पोलिसाने हातातली बी फोडली, टरफल थुंकले आणि खरोखर विचार केला.

"गाडीत," तो म्हणाला.

ओब्रेन खिडकीतून हसला. दोब्रिला आत आली आणि जागेवर बसली ती दाराकडे पाठ करून. पाव ठीक आहे ना म्हणून तिने वर पाहिले, तर फडक्यावर ओब्रेनची ट्रंक.

"ही तुमची?"

"हो, मघाशी पाय लांब करायचे म्हणून खालून वर टाकली."

"माझ्या पावावर?"

म्हातारा घाईने उठला. ट्रंक काढली, फडके सोडले. कणकेची वेणी सपाट झाली होती आणि मधोमध आडवी चीर गेली होती. ओब्रेनने पहिल्यांदाच तोंड पाडले. "कुमाचा पाव आहे होय? आधी सांगायचंत. घरात बाप्तिस्मा आहे?"

तिने सांगितले. रागातच सांगितले, पण सांगितले. कुरण, आजोबा, मिल्यान, अकरा वाजता. शेवटी, जे तिने लाँड्रीतल्या बायकांनाही सांगितले नव्हते तेही तोंडातून निघाले. मिल्यानच्या सासूला, स्लावोय्काला, ती कुमा नकोच होती. स्लावोय्का पोदगोरित्साची, मुलीने डोंगरात लग्न केले याचे तिला दुःख. तिच्या मनातला कूम वेगळाच होता. गोय्को, बर्फातल्या हॉटेलाचा मालक, ज्याच्याकडे मिल्यान हिवाळ्यात काम करी. "नातीला असा कूम मिळाला तर पुढची चिंता मिटली, असं ती मुलीच्या मागे लागलीय. आणि माझ्याकडे काय? इस्त्री."

"पण तुमच्या शब्दाशिवाय कसं करतील?" ओब्रेन म्हणाला. "जुन्या कुमाने मोकळं केल्याशिवाय नवा कूम करत नाहीत. आमच्याकडे तर नाहीच."

"म्हणूनच मला भीती वाटते. शब्द मागतील."

फोन वाजला तो तेव्हाच. स्लावोय्का.

"कुमा! कशा आहात? दमलात ना हो? इकडे आमच्या जिवाला घोर." आवाज साखरेच्या पाकातून काढल्यासारखा. मागे माणसांचा गलका, भांडी, कुणीतरी गात होते. कोकरू सळईवर चढले असणार.

"विहीणबाई, गाडी अडकलीय. मी येतेय."

"तेच म्हणते मी. किती दगदग करायची या वयात. इथे पाहुणे जमलेत, बाळ उपाशी ठेवलंय. आणि योगायोग बघा, गोय्कोसाहेब आलेत. म्हणाले, गरज पडली तर मी धरेन बाळाला. मोठ्या मनाचा माणूस. तुम्ही फक्त तोंडाने म्हणा, मोकळं केलं. मी फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवते."

दोब्रिलाने खिडकीबाहेर पाहिले. समोरच्या कड्यावर एक बकरी चढत होती, अगदी सावकाश, तिला कसलीच घाई नव्हती.

"ऐकताय ना कुमा?"

"ठेवलात का सगळ्यांना ऐकू जाईल असा?"

"हो हो, बोला!"

"मग त्या गोय्कोला सांगा, हात एवढे रिकामे असतील तर जरा कोकराची सळई फिरव म्हणावं."

आणि तिने फोन बंद केला. नुसता ठेवला नाही. पडदा काळा होईपर्यंत कळ दाबून धरली, आणि पिशवीच्या तळाशी, चीजच्या डब्याखाली कोंबला.  आत कुठेतरी गार वाटले. आता विचारा म्हणावे. कुणाला विचारणार? विचारायला माणूसच नाही, तर शब्द कुठून आणणार? 'नाही' मिळणारच नाही, आणि 'हो' तर त्याहून नाही.

"झकास केलंत," ओब्रेन म्हणाला. "आता इंजिन आलं नाही तरी चालेल."

"गप्प बसा हो तुम्ही."

दुपार डोक्यावर आली. डब्यातली हवा सुजली. माणसे बडबडून थकली. नदीपलीकडच्या रस्त्यावर कुठूनशी एक निळी मोटार येऊन थांबली आणि हॉर्न वाजवू लागली. एकदा, दोनदा, मग हात काढतच नाही असा. कड्यावर आपटून तो आवाज दुप्पट होऊन डब्यात येत होता.

"कुणाची तरी वरात दिसतेय," ओब्रेनने डोळ्यांवर हात धरून पाहिले. "एकच गाडी आहे पण. दारू जास्त झाली असेल."

"लोकांना लाज नाही. इथे माणसं मरायला टेकलीत आणि यांना गाणी सुचतायत." दोब्रिलाने खिडकीची काच वर ओढून बंद केली ती इतक्या जोरात की पट्टी निसटून हातात आली.

हॉर्न बराच वेळ चालू होता. मग थांबला.

इंजिन आले तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढच्या स्टेशनात त्या बाजूचे पोलीस चढले, ओळखपत्रे परत पाहिली, आणि दोब्रिला पुरिच पुन्हा एकदा कुठेतरी आहे असे सरकारने मान्य केले. नवीन कंडक्टर आला. उशिराबद्दल कुणी विचारले तर म्हणे, "इंजिन कधीचं तयार होतं. डबेच उशिरा आले त्यांच्याकडून." दोब्रिलाने त्याच्याकडे नुसते पाहिले. त्याने तिचे तिकीट न तपासताच पुढे सरकणे पसंत केले.

कोलाशिनला ती उतरली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. ओब्रेनने पिशवी खाली दिली. "कुमा," तो म्हणाला, आता तोही तिला कुमा म्हणू लागला होता, "पावाचं मनावर घेऊ नका. आत तर तोच आहे."

फलाटावर तिच्यासाठी कुणी नव्हते. हेही तिने मनात नोंदवले. स्टेशन गावाच्या वर, उतारावर. चिरलेला पाव आणि पिशवी घेऊन ती चालत खाली आली आणि मिल्यानचे फाटक ढकलले.

अंगणात मोठी टेबले होती आणि त्यांभोवती कुणीच नव्हते. ताटांत हाडे, पेल्यांत माश्या, सळईवर कोकराचा उरलेला गार सांगाडा. स्लावोय्का रेशमी झग्यावर एप्रन बांधून ताटे गोळा करत होती. तिने वर पाहिले.

"आलात होय. आम्हाला वाटलं रुसून परत गेलात."

"कोण म्हणालं मी परत गेले?"

"म्हणायला कशाला हवं? सगळ्यांच्या कानांवर फोन आपटलात की. मग लावतोय, लावतोय, लागेल तर शपथ."

घरातून तेओदोरा आली, मिल्यानची बायको. बाळ खांद्यावर झोपलेले. तिचे डोळे रडून सुजले होते.

"झालं का?" दोब्रिलाने विचारले. पिशवीचा पट्टा तिने घट्ट धरला होता. "कोणी धरलं पोरीला?"

"कोण धरणार कुमा? कुणी नाही."

"गोय्को?"

"ते तर तुमचं बोलणं ऐकून उठलेच. म्हणाले, जुन्या कुमाचा शब्द नसेल तर मी या लेकराला बोटसुद्धा लावणार नाही, शाप लागतो, मला दोन मुलं आहेत घरी. रकी दारूचा पेला तसाच ठेवून गेले."

दोब्रिलाला जिंकल्यासारखे वाटायला हवे होते. वाटलेही, एक घोट पाणी प्यावे इतके.

"मग पाद्रीबाबांनी का नाही थांबायचं?"

"थांबले होते ना," तेओदोराचा आवाज पुन्हा भरला. "ते म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबतो, दुसऱ्या गावचं काम उद्यावर टाकतो. मला फक्त एवढं सांगा, कुमा येतेय की परत गेली? येतेय म्हणाली तर बसतो. एक शब्द हवा होता कुमा. आम्ही सगळे फोन लावत बसलो. शेवटी ते उठले. मग पाहुणे तरी किती वेळ उपाशी बसणार?"

"मिल्यान काय म्हणाला?"

"म्हणाला, माझी कुमा रागावली म्हणून अर्ध्या वाटेतून फिरणारी नाही. आणि गाडी घेऊन गेला तुम्हाला शोधायला. गेलाय तो गेलाय. नाक्यावर गाड्यांची रांग आहे म्हणे."

दोब्रिलाने पिशवी टेबलावर ठेवली. चौघडी बाजूला केली, मेणबत्ती बाजूला केली, डब्याखालून फोन काढला आणि सुरू केला. तो हातात भुंग्यासारखा थरथरत राहिला. एकामागून एक मिल्यानचे निरोप. बाबा थांबलेत, काळजी करू नको. सासूबाईंचं ऐकू नको, मी त्यांना बोललोय. फोन घे. कुमा फोन घे. आणि मग, दुपारचा: खिडकीतून बघ, नदीपलीकडे निळी गाडी, मीच आहे, हॉर्न वाजवतोय, नुसता हात हलव म्हणजे बाबांना कळवतो.

तिने तो निरोप दोनदा वाचला. निसटलेल्या पट्टीचा ओरखडा तिच्या तळहातावर अजून लाल होता.

ती बसली नाही. बाह्या वर केल्या, एप्रन शोधला आणि स्लावोय्काच्या शेजारी मोरीपाशी उभी राहिली. एक धूत होती, एक पुसत होती. 

"मी काही माझ्यासाठी केलं नाही," स्लावोय्का ताटाकडे बघत म्हणाली. "जावयाला चार महिने काम, आठ महिने हात हलवत. गोय्को कूम झाला असता तर बारमाही ठेवला असता. माझी एकच मुलगी आहे."

"आणि माझं एकच घर आहे," दोब्रिला म्हणाली. "त्याच्या भाकरीसाठी तुम्ही माझी जागा विकायला काढलीत. मला विचारलंत तरी ते सगळ्यांच्या कानावर, म्हणजे नाही म्हणायची सोय राहू नये."

"तुम्हीही काही कमी बोलला नाहीत."

"अजून बोललेच नाहीये मी. ते ताट द्या, चरबी राहिलीय त्याला."

मिल्यान आला तेव्हा दिवे लागायला आले होते. मोटारीचे दार आपटल्याचा आवाज, आणि मग तो स्वतः, शर्ट पाठीला चिकटलेला. दोब्रिलाला मोरीपाशी पाहून तो जागच्या जागी थांबला.

"इथे आहेस. ताटं घासतेस."

"मग काय करू?"

"मी मेलोय तिकडे! प्रत्येक स्टेशनात उतरून विचारलं. रुळांवर काही झालं का, इस्पितळात नेलं का! फोन कुठे होता तुझा?"

"पिशवीत."

"वाजला नाही?"

"बंद केला होता."

"का?"

तेओदोरा दारात आली होती. स्लावोय्काने नळ बंद केला. दोब्रिलाने फडके खाली ठेवले नाही.

"तू विचारशील म्हणून," ती म्हणाली.

"काय विचारीन?"

"शब्द. तुझ्या सासूने मागितला, तिला मी उत्तर दिलं. तू मागितला असतास तर... तुला नाही म्हणता आलं नसतं मला. म्हणून बंद केला."

मिल्यान तिच्याकडे बघत राहिला. त्याचा आवाज एकदम खाली आला आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होते.

"मी? मी मागितला असता? छत्तीस वर्षं झाली तू मला हातावर घेऊन, आणि तू मला एवढंच ओळखलंस?"

"तुझ्या घरात बसूनच मागत होती ती!"

"आणि तिला माझ्या घरातच मी सांगितलं, कुमाशिवाय नाही! चाळीस माणसांसमोर! ते ऐकायला तुझा फोन चालू हवा होता!"

"मग ओरडतोस कशाला, मला काय कान नाहीत?"

"हॉर्न तरी ऐकू आला होता का त्या कानांनी?"

"आला होता!" दोब्रिलाने फडके टेबलावर फेकले. "ऐकला, आणि लोकांना लाज नाही म्हणाले, आणि काच वर केली! झालं समाधान?"

बाळ जागे झाले आणि रडू लागले. कुणी हसले नाही. मिल्यानने तोंडावरून हात फिरवला, वळला आणि पुन्हा मोटारीत जाऊन बसला.

"आता कुठे?" तेओदोरा ओरडली.

"बाबांना उचलून आणतो. जेवत असतील तर घासासकट."

पाद्री ओब्राद खरोखरच जेवणावरून उठून आले होते. दाढीला कांद्याचा वास, कपाळाला आठ्या. चर्चचे कुलूप उघडताना किल्ली अडकली तेव्हा ते जे पुटपुटले ती प्रार्थना नव्हती. "कुमा कोण? तुम्ही? छान. आज दिवसभर मी तुमचं नाव ऐकतोय," ते म्हणाले.

"मीही ऐकतेय बाबा."

आत सगळी मिळून पाच माणसे आणि बाळ. वाद्ये नाहीत, पाहुणे नाहीत, छायाचित्रवाला तर दुपारीच आपली बिदागी घेऊन गेला होता. दोब्रिलाने चौघडी उलगडली. दिवसभर पिशवीत चुरगळून तिला सुरकुत्या पडल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चादरी सरळ केलेल्या बाईला त्या सुरकुत्या दिव्यात एकेक मोजता आल्या असत्या. मिल्यान तिच्याकडे न बघता बाजूला उभा होता. तेओदोराने बाळ तिच्या हातांवर दिले. ते गरम होते, जड होते, आणि त्याला आंबट दुधाचा वास येत होता.

"पश्चिमेकडे तोंड करा," पाद्रीबाबा म्हणाले.

दोब्रिला वळली. पश्चिमेला दार होते, उघडे, आणि दाराशी स्लावोय्का, पुढच्या रांगेत यायचे नाही म्हणून मागेच थांबलेली.

"सैतानाला, त्याच्या सगळ्या कामांना, त्याच्या सगळ्या सेवकांना सोडतेस का?"

"सोडते."

तीनदा विचारले. तीनदा ती म्हणाली. त्याच वेळी वर उतारावरून शीळ ऐकू आली. समुद्रकाठच्या बार शहराकडून बेलग्रेडला जाणारी गाडी. तिची वेळ दोब्रिलाला पाठ होती. ती अगदी वेळेवर होती.

"फुंक त्याच्यावर, आणि थुंक."

हल्लीची माणसे इथे ओठ नुसते हलवतात. चारचौघांत, चर्चच्या फरशीवर, कोण थुंकणार? पाद्रीबाबांनी पुढचे पान उलटायला बोटही लावले होते.

दोब्रिलाने बाळाचे तोंड आपल्या खांद्याकडे वळवले, खालचा ओठ आत घेतला आणि सोडला. टोपी नीट करणारा कंडक्टर, बिया फोडणारा पोलीस, न आलेले इंजिन, पाकातला तो आवाज, काच वर ओढणारा स्वतःचा हात, कुणालाही तिने वगळले नाही.

थुंकी स्लावोय्काच्या नव्या बुटापासून वीतभर अंतरावर पडली. स्लावोय्काने पाय मागे घेतला.

पाद्रीबाबांनी चष्म्यावरून फरशीकडे पाहिले, मग दोब्रिलाकडे.

"झालं?" त्यांनी विचारले.

"आजपुरतं झालं," दोब्रिला म्हणाली. "नाव घ्या बाबा आता पोरीचं."